मारुती ८०० चं स्टिअरिंग ढिलं वाटतंय? आधी हे बघ
अरे भावा, लगेच पूर्ण रॅक (स्टिअरिंग फिरवलं की सरकून चाकं वळवणारा दांडा) बदलायला जाऊ नकोस, बहुतेक वेळा टाय रॉड एंडच (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) गेलेला असतो. पुढचं चाक जॅकवर घे, खाली स्टँड लावच, नुसत्या जॅकवर अजिबात विसंबू नकोस. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलव, आणि दुसऱ्या कुणाला तरी एंडच्या जॉइंटवर बोट ठेवायला सांग, खेळ (ढिलेपणा) असेल तर लगेच कळतो. वर-खाली धरून हलत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला खालच्या आर्मशी जोडणारा गोल सांधा) बघ. एंडच्या जॉइंटवरचा रबर बूट (रबरी टोपण) फाटलाय का तेही बघ, तिथूनच माती-पाणी आत जातं. जुना एंड काढताना किती आटे फिरला ते मोज, नवा तेवढाच बसव, स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) नवीनच टाक आणि अलाइनमेंट (चाकांचा कोन जुळवणं) करूनच घे, नाहीतर टायर एका बाजूनं खाल्ला जाईल.