अवधूत दीर्घिका: ‘धूळ’ शब्दाचा धातू आणि गुच्छातली झटापट

विचारणा अशी आहे: ‘विज्ञान पुरवणीत एक वाक्य वाचले: गुच्छ-पर्यावरणामुळे बटू आकाशगंगांचे व त्यांतील धुळीचे परिवर्तन होते. इथे पर्यावरण हा शब्द बरोबर आहे, की भोवताल म्हणावे?’

भोवताल म्हणावे. ‘पर्यावरण’ची फोड परि + आवरण अशी, म्हणजे सभोवारचे आवरण, त्या हिशेबाने शब्द चुकीचा नाही. पण आज तो उच्चारला की वाचकापुढे झाडे, नद्या आणि प्रदूषण उभे राहते, आणि दीर्घिकांच्या (इंग्रजीत ‘गॅलक्सी’) गुच्छात, म्हणजे गुरुत्वाने एकत्र बांधलेल्या त्यांच्या घोळक्यात, यांतले काहीच नाही. ‘परिसर’ही चालेल.

मात्र त्या वाक्यातली खरी चूक विचारणाऱ्याच्या नजरेतून निसटली आहे. ‘बटू आकाशगंगा’ ही काय भाषा झाली? आकाशगंगा हे विशेषनाम आहे. रात्री डोक्यावरून जाणारा तो फिकट पट्टा, ज्यात आपला सूर्य आहे, ती आकाशगंगा, आणि ती एकच आहे. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, शाळेतली भाषणे, सगळीकडे ‘लाखो आकाशगंगा’ ऐकू येतात आणि प्रत्येक वेळी कानाला खुपतात. ताऱ्यांच्या अशा कोणत्याही अफाट समूहासाठी मराठीत सामान्यनाम आहे, रुळलेले आहे आणि देखणे आहे: दीर्घिका. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘वापी तु दीर्घिका’ असे सरळ दिले आहे. लांबट तळे, लांबट बांधीव विहीर. काळोखात पसरलेल्या उजेडाला हे नाव ज्याला सुचले त्याला दृष्टी होती. इतका शब्द हाताशी असताना तो टाकून विशेषनामाचे अनेकवचन करणे हा निव्वळ आळस आहे.

‘बटू’विषयी एवढेच: मुंजीतला मुलगा आणि ठेंगू या दोन अर्थांची गाठ बटू वामनाच्या कथेत पडली असावी, असे मला वाटते. बटू म्हटले की पुढे मोठा होणारा असा भास होतो, आणि या दीर्घिकांपैकी बहुतेक लहानच राहतात. तरी विझत चाललेल्या लहान, दाट ताऱ्यासाठी ‘श्वेत बटू’ रुळला आहे, तेव्हा ‘बटू दीर्घिका’ राहू द्यावे.

आता त्या वाक्यातला सर्वांत निर्जीव भाग: ‘परिवर्तन होते’. काय होते? कोण करते? कसे करते? इतकी दांडगी झटापट चालली असताना वाक्यात एकही धडधाकट क्रियापद नाही. आणि जे क्रियापद हवे ते त्याच वाक्यात, ‘धूळ’ या शब्दाच्या पोटात बसलेले आहे.

संस्कृत धातू धू. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या अर्थांसह दिलेल्या यादीत, ‘धूञ् कम्पने’ आहे, ‘धू विधूनने’ही आहे. हलवणे, हिसडणे, झटकणे. त्यातून धूत म्हणजे झटकलेला, विधूत, निर्धूत आणि आपल्या घराघरातला शब्द, अवधूत. ‘अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त’ म्हणताना आपण ज्याचे नाव घेतो तो शब्दशः ‘झटकून टाकलेला’ आहे. संसाराचा लाग ज्याने अंगावरून झाडला तो. अ, व, धू, त या चार अक्षरांचे चार अर्थ सांगायची जुनी रीत आहे. अ म्हणजे अक्षर (अविनाशी), व म्हणजे वरेण्य (श्रेष्ठ), त म्हणजे तत्त्वमसि (ते तू आहेस). ही तीन अक्षरे भक्तीने लावलेली आहेत. उरलेल्या ‘धू’चे मात्र ‘धूतसंसारबंधन’ असे स्पष्टीकरण देतात, आणि तिथे परंपरेने व्युत्पत्ती नेमकी पकडली आहे. अक्षरांचा खेळ म्हणून ही सगळी ओळ उडवून लावणारे विद्वान त्या ‘धू’पाशी थांबत नाहीत, ही त्यांची घाई.

आणि धूलि? आपल्या परंपरेने तीही ‘धू’कडेच नेली: जी हलते, उडते, झटकली जाते ती. युरोपीय तुलनाकार, म्हणजे भाषांची तुलना करणारे अभ्यासक, इथे नकारार्थी मान हलवतात. ते धूलिला ‘धूम’शेजारी बसवतात आणि लॅटिनमधल्या ‘फूलिगो’शी तिचे नाते सांगतात. फूलिगो म्हणजे काजळी. दोन्ही पक्ष एकमेकांना खोडतात असे मानून लोक बाजू घेतात, ते मला पटत नाही. हलणे, भोवंडणे, धुरासारखे वर चढणे या जवळजवळच्या क्रिया आहेत, आणि मूळ एकच असावे हे माझे मत आहे. शिवाय आकाशातल्या धुळीला तर दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. ती रस्त्यावरची माती नव्हे. म्हातारे, फुगलेले तारे आपले बाहेरचे थर अवकाशात सोडतात. ते थर निवताना कार्बनचे आणि सिलिकेटचे कण गोठतात, बहुतेक एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही, बारीक. कार्बनचे कण म्हणजे काजळीच. तेव्हा तुलनाकारांनी दिलेला अर्थ हा त्या धुळीचा जन्म, आणि आपल्या धातुपाठातला अर्थ हा तिचा पुढचा प्रवास. एका शब्दात दोन्ही.

प्रवास कसा, ते पाहू. आपल्याला सर्वांत जवळचा मोठा गुच्छ कन्या राशीत आहे, सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षांवर. बिंगेली, सँडेज आणि टॅमान या खगोलशास्त्रज्ञांनी १९८५ साली त्या भागातल्या २,०९६ दीर्घिकांची यादी छापली. त्यांत बटू भरपूर, आणि गुच्छातल्या बटूंमध्ये सर्वाधिक संख्या लंबगोल बटूंची: फिकट, तांबूस, वायू जवळजवळ नसलेल्या, नवे तारे घडवणे बंद केलेल्या. गुच्छाबाहेर एकट्या असलेल्या बटू मात्र बहुधा अनियमित आकाराच्या, निळसर आणि वायूने भरलेल्या असतात. २०१२ साली मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ताऱ्यांचे वस्तुमान १०० कोटी सूर्यांहून कमी असेल, तर नवे तारे घडवणे थांबलेल्या, थंडावलेल्या दीर्घिका मोठ्या शेजाऱ्यापासून सुमारे ५० लाख प्रकाशवर्षांपलीकडे जवळजवळ सापडतच नाहीत. म्हणजे बटू दीर्घिका आपणहून क्वचितच विझते. तिला विझवतो तो भोवताल.

‘गुच्छ’ म्हटल्यावर वाटते की दीर्घिका जवळजवळ आहेत आणि मध्ये पोकळी आहे. पोकळी नाही. त्या जागेत कोटी-कोटी अंश तापमानाचा वायू भरलेला असतो. तो क्ष-किरणांत झळकतो, आणि मोठ्या गुच्छात त्याचे वस्तुमान सगळ्या दीर्घिकांतल्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या कितीतरी पट भरते. विरळ इतका की मध्याच्या जवळपास लिटरभर जागेत साधारण एखादा कण. पण दीर्घिका त्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. १९७२ साली गन आणि गॉट यांनी या दाबाचे साधे सूत्र मांडले: वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग. वर्गामुळे विरळपणाची भरपाई होते. समोरून येणारा हा दाब दीर्घिकेच्या गुरुत्वाने धरून ठेवलेल्या वायूवर पडतो, आणि बटूची पकड मुळातच ढिली. वायू मागे हटतो, सुटतो, शेपटासारखा लांबतो. वायूत मिसळलेली धूळ त्याच्यासोबत जाते. तारे मात्र जागचे हलत नाहीत, कारण ते घट्ट गोळे आहेत आणि त्यांना हा वारा जाणवतच नाही.

याच क्रियेला काही लेखक ‘ओरबाडणे’ म्हणतात, काही ‘सोलणे’. दोन्हींना माझा विरोध आहे आणि तो केवळ आवडीनिवडीचा नाही. गुच्छात आणखी एक छळ चालतो. मोठ्या दीर्घिका झपाट्याने जवळून जातात आणि प्रत्येक वेळी बटूला गुरुत्वाचा हिसका बसतो. बेन मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली या वारंवारच्या हिसक्यांचे परिणाम गणिताने दाखवले. त्यात तारेही खेचले जातात, ताऱ्यांची चपटी तबकडी विस्कटते, आकार बदलतो. ओरबाडणे हा शब्द तिथे शोभतो, कारण तिथे अंगाचा लचका जातो. वाऱ्याच्या दाबात अंग शाबूत राहते आणि अंगावरचे जाते. ते झटकणे. ते अव-धू. दोन वेगळ्या भौतिक क्रियांना एकच क्रियापद लावले की वाचकाला त्यांतला फरक कायमचा अदृश्य होतो. परिभाषा ठरवणाऱ्यांनी संस्कृत उपसर्ग जोडत बसण्याआधी, तारे जातात की राहतात, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

माझी सूचना: या दाबाने वायू आणि धूळ गमावलेल्या दीर्घिकेला ‘अवधूत दीर्घिका’ म्हणावे. उदाहरण हवे तर कन्या गुच्छातली आयसी ३४१८ ही बटू दीर्घिका घ्या. तिच्या मुख्य अंगात नवे तारे जन्मणे थांबले आहे. मागे मात्र सुमारे ५५ हजार प्रकाशवर्षे लांबीची शेपटी आहे आणि तिच्यात, अतिनील प्रकाशात झळकणारे, कोवळ्या ताऱ्यांचे पुंजके आहेत. जे अंगावरून झाडले गेले त्यातच तारे उगवले. अनियमित बटूची लंबगोल बटू होताना प्रत्यक्ष दिसावी, अशी ही जागा आहे.

गुच्छात पहिल्यांदा शिरणाऱ्या दीर्घिकेसाठीही मराठीत शब्द तयार आहे, आणि तो कोणी वापरत नाही याचे वाईट वाटते. पंढरपुरात पोचलेला वारकरी पायावरच्या धुळीसकट आधी देवाला भेटून येतो, ती धूळभेट. बटू दीर्घिकेचा गुच्छातला पहिला प्रवेश हा धूळभेटच आहे: धूळ अजून अंगावर आहे, वायूही आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० तबकड्यांनी, जवळपासच्या फिकट अनियमित बटूंचा हायड्रोजन मोजला तेव्हा तो ताऱ्यांच्या पसाऱ्याच्या दुपटीहून अधिक दूरवर पसरलेला दिसला. त्या गुच्छाबाहेरच्या दीर्घिका. गुच्छात शिरणारीचा असा बाहेरचा वायू सर्वांत आधी जाणार, कारण तिथे गुरुत्वाची पकड सर्वांत कमी.

धूळ त्या मानाने आत, ताऱ्यांच्या दाटीत असते. म्हणून ती मागाहून जाते आणि सगळी जातेच असे नाही. २००९ ते २०१३ या काळात काम करणाऱ्या हर्शेल अवकाश दुर्बिणीने कन्या गुच्छ दूर-अवरक्त प्रकाशात पाहिला. थंड धूळ त्याच प्रकाशात उजळते. काही लंबगोल बटूंच्या मध्यभागी धूळ शिल्लक सापडली, आणि त्यांतल्या काही तर अजून संक्रमणातच असाव्यात असे दिसले. तेव्हा ‘निर्धूलि’ असा सरसकट शब्द करू नये. झटकूनही उरते ती धूळ. घर झाडणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे.

बाहेर गेलेल्या कणांचे पुढे काय? तप्त वायूतले वेगवान कण त्यांच्यावर आदळतात आणि पृष्ठभागावरचे अणू उडवतात. एक दशांश मायक्रॉनचा कण त्या विरळ वायूत सुमारे दहा कोटी वर्षांत संपतो. याला ‘विरघळणे’ म्हणतात, ते चूक. ‘झिजणे’ म्हणा, कारण इथे द्रव नाही, फक्त मारा आहे.

आणि इथे मला ‘रेणू’विषयी बोललेच पाहिजे. संस्कृतात रेणु म्हणजे धूळ, धुळीचा कण. आपण ‘चरणरेणू’ म्हणतो ते त्याच अर्थाने. परिभाषेने तो शब्द उचलला आणि अणूंच्या जोडणीला दिला. विज्ञानाच्या पुस्तकातला हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन अणू एकत्र. आता आकाशात तो रेणू बनतो कुठे? बहुतांशी धुळीच्या कणावर! एकटे भटकणारे दोन हायड्रोजन अणू विरळ जागेत भेटले तरी जोडणीची जादा ऊर्जा टाकायला जागा नसल्यामुळे सहसा टिकून जुळत नाहीत. धुळीचा कण ती ऊर्जा घेतो आणि जोडी सुटी करतो. म्हणजे जुन्या अर्थाचा रेणू नव्या अर्थाचा रेणू घडवतो. परिभाषा करणाऱ्याला हे ठाऊक होते असा माझा दावा नाही, पण मराठीतल्या दुसऱ्या कोणत्याही वैज्ञानिक शब्दाला इतकी सुरेख साथ मिळालेली मला दिसत नाही.

बटू दीर्घिकेत या प्रक्रियेची मुळातच ओढाताण असते. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन यांसारखी जड मूलद्रव्ये तिथे थोडी. आपल्या आकाशगंगेशेजारच्या लहान मॅगेलॅनी मेघ या बटू दीर्घिकेत ती सूर्याच्या मानाने साधारण पाचव्या हिश्श्याइतकी आहेत. जड मूलद्रव्ये थोडी म्हणजे धूळ थोडी, आणि धूळ थोडी म्हणजे रेणू सावकाश. त्यातून गुच्छाने वायू झटकला की तारे घडवायचा कच्चा माल जातो, आणि धूळही गेली की उरलासुरला हायड्रोजन रेणूरूपात आणणारी जागाही जाते. ‘धुळीचे परिवर्तन’ या दोन शब्दांत यातले काहीही कळत नाही. ‘गुच्छाच्या भोवतालात बटू दीर्घिकांचा वायू आणि धूळ झटकली जाते व नवे तारे घडणे थांबते’ असे लिहिले असते तर एकाही वाचकाला विचारणा पाठवावी लागली नसती.