रानातले पीस आणि फेडरल कायदा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सेमिस्टर संपताच तुम्ही मित्र गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान आणि ॲरिझोना पाहायला निघणार, हे वाचून फार आनंद झाला. तुमच्यापैकी कोणी मुद्दाम कायदा मोडणार नाही, हे मी जाणतो. पण अमेरिकेतले काही फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचे, कायदे माणसाचा हेतू विचारतच नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वहीत मोरपीस जपण्यात आपल्याकडे कोणाला वावगे वाटत नाही. इथे मात्र १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली हजाराहून अधिक जातींच्या पक्ष्यांचे पीस, घरटे किंवा अंडे परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरतो. त्यात साधा कावळाही येतो. बाहेरून आणलेली कबुतरे, घरचिमण्या अशा काही जाती वगळल्या आहेत. पीस आपोआप गळले होते, ही सबब चालत नाही, आणि ते मला योग्य वाटते. बायकांच्या टोप्यांवर तुरे खोवण्यासाठी एकेकाळी बगळ्यांच्या विणीच्या वसाहती उजाड केल्या गेल्या. सापडलेल्या पिसाला मुभा असती, तर प्रत्येक शिकाऱ्याने हेच उत्तर दिले असते. दंड १५,००० डॉलरपर्यंत आणि कैद सहा महिन्यांपर्यंत होऊ शकते.

दगडांचेही तसेच. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून अश्मीभूत, म्हणजे दगड झालेल्या, लाकडाचे तुकडे नेणारे कित्येक जण पुढे पश्चात्तापाचे पत्र जोडून ते परत पाठवतात. पण तुकडा नेमका कुठला हे कळत नसल्याने तो मूळ जागी ठेवता येत नाही, आणि संशोधनाच्या दृष्टीने तो कायमचा वाया जातो. उलट केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याच्या बहुतेक जमिनींवर तेच लाकूड स्वतःसाठी दिवसाला २५ पौंडांपर्यंत फुकट नेता येते. तेव्हा आपण कोणाच्या जमिनीवर उभे आहोत, हे नकाशात आधी पाहत जा. ड्रोन मात्र राष्ट्रीय उद्यानात नेऊच नका.

यलोस्टोनमध्ये बायसनपासून (अमेरिकेतल्या रानगव्यासारख्या जनावरापासून) २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड अंतर ठेवणे सक्तीचे आहे. २०२३ मध्ये तिथे नदीकाठी कळपापासून मागे राहिलेल्या बायसनच्या वासराला एका पर्यटकाने रस्त्याकडे ढकलले. कळपाने वासराला पुन्हा जवळ केले नाही, ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या मागे लागू लागले आणि शेवटी उद्यानाला त्याला मारावे लागले. त्या माणसाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. वासराला मदत करावी, एवढेच त्याच्या मनात असावे.

तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. व्हिसाच्या अर्जात अटक किंवा दोषसिद्धी झाली आहे का, असा थेट प्रश्न असतो, आणि पिसासाठी झालेली शिक्षाही तिथे लिहावीच लागते.

तुझ्या मित्राला आजोबांची रक्षा वाटेतल्या एखाद्या उद्यानात विसर्जित करायची आहे, असे तू लिहिले होतेस. त्याला मनाई नाही, पण ते उद्यान-अधीक्षकांच्या परवानगीने किंवा त्यांनी घातलेल्या अटींनुसारच करता येते. निघण्यापूर्वी त्याला त्या कार्यालयाला पत्र लिहायला सांग.

तुझा,
काका