यंत्र देणारे पुष्कळ भेटतात

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

आजोबांच्या ट्रस्टवर तुला विश्वस्त म्हणून घेतल्याचं कळलं. पहिल्याच बैठकीत तालुक्याच्या रुग्णालयाला डायलिसिसची दोन यंत्रं द्यायचा ठराव येतोय, सही करू का, असं विचारलंस. कर, पण आधी पाण्याचं विचार.

चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. तेवढं आरओमधून मिळवायचं तर कच्चं पाणी त्याहून बरंच जास्त. रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येणार, आणि मूत्रपिंड बदललं नाही तर जन्मभर येणार. तुमच्याकडे एप्रिलपासून टँकर सुरू होतात. मग पाणी कुठून आणणार? आरओची मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कोण बदलणार, तंत्रज्ञाचा पगार कोण देणार, वीज गेली की जनरेटरमध्ये डिझेल कोण ओतणार? माझी नोकरी ट्रस्टच्या पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांचे हिशेब लिहिण्यात गेली. यंत्र देणारे पुष्कळ भेटले, फीत कापून, फोटो काढून गेले. पगार देणारा विरळा. पगारावर पाटी लावता येत नाही ना!

टाटांचं नाव ऐकून दडपून जाऊ नकोस, त्यातलं कामाचं तेवढं घे. जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी; त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी. दोराबजींच्या ट्रस्टने मुंबईत परळला उभारलेलं टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे. नाव घराण्याचं राहिलं, रोजच्या खर्चाचा भार सरकारी तिजोरीवर गेला. याच ट्रस्टने १९३६ मध्ये काढलेल्या शाळेची पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. तिथे मात्र जून २०२४ मध्ये, टाटांच्याच एका ट्रस्टच्या अनुदानावर पगार असलेल्या शंभरावर प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना नोटिसा गेल्या. पैसे चालू राहतील असं आश्वासन मिळाल्यावर त्या काही दिवसांत मागे घेतल्या, पण तेवढे दिवस त्या घरांत काय चाललं असेल? इतक्या जुन्या घराण्याच्या बाबतीत हे होतं, तर तुमचा ट्रस्ट केवढा!

म्हणून मला वाटतं, छोट्या ट्रस्टने सरकार अजून ज्यावर पैसे लावायला तयार नाही ते करून दाखवावं. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. वजनकाटा, बाळाला ऊब देण्याची साधनं, इंजेक्शन देण्याचं प्रशिक्षण, एवढाच पसारा. बालमृत्यू घटल्याचे आकडे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे आशाताईंच्या घरभेटींत ती पद्धत देशभर गेली. उद्घाटनाला मंत्री बोलवावा असं त्यात काही नव्हतं.

शिक्षणाचा निधी तुमच्याकडे वेगळा पडून आहे. तो याच कामाला जोड. तालुक्यातल्या दोन-तीन मुलींना नर्सिंगला, डायलिसिस तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला पाठवा. फी भरून थांबू नका. मुली कोर्स अर्धा सोडतात त्या खोलीभाड्यापायी आणि मेसच्या पैशापायी, हे मी कितीदा पाहिलंय. जमशेटजींनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली होती. परत आलेला पैसा पुढच्याच्या कामी येतो. तुमच्या मुलींना मात्र नोकरी लागेपर्यंत हप्ता मागू नका.

आणखी एक, सीए मार्चमध्ये फोन करेल. प्राप्तिकरातली सूट हवी तर उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम वर्षात खर्च व्हायला हवी म्हणून घाई लावेल. त्या घाईत घेतलेल्या वस्तू मी खोक्यांतच गंजताना पाहिल्यात. ठरलेल्या कामासाठी पैसे पाच वर्षांपर्यंत राखून ठेवायची सोय कायद्यात आहे. त्याचा फॉर्म मुदतीत भरायला सांग.

ठरावात एक ओळ घालून घे: पाच वर्षांचा चालू खर्च किती आणि कोणत्या वर्षी कोण देणार. काकामंडळी कुरकुरतील. बैठकीआधी रुग्णालयाकडून गेल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या पावत्या आणि वीजबिलं मागव. आली की मला पाठव, रविवारी बसून बेरीज करू.

तुझा,
काका