युनिक्स गेटवेवरून मोडेम नीट डायल करतो, मग बाकीच्या संगणकांवर काहीच का उघडत नाही?

गेटवे मशीनवरून (मोडेम जोडलेली, जिच्यातून बाकीच्यांनी इंटरनेटवर जायचं ती) पिंग (पोहोचतंय का ते पाहणारं चाचणीचं पॅकेट) जातो आणि लॅनवरचे (स्थानिक जाळ्यावरचे) दोन संगणक मात्र कोरडेच राहतात, असं तुम्ही लिहिलंय. मग चॅट स्क्रिप्ट (मोडेमला डायल करायला लावणाऱ्या सूचना), पासवर्ड वगैरे किचकट भाग तुम्ही आधीच उरकलाय. लिनक्स आणि पीपीपीडी (फोन लाइनवरचं कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) वापरताय असं धरून सांगतो.

एका इंटरफेसवर (नेटवर्कच्या जोडणीवर) आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) दुसऱ्यावरून पुढे पाठवणं कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) मुळात बंद असतं. आयपी फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये ० चं १ करा. तेवढ्यानं भागत नाही. लॅनवरचे १९२.१६८ वाले पत्ते खासगी, बाहेरून त्यांच्याकडे उत्तर यायला वाटच नाही. म्हणून मास्करेडिंग हवं, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर गेटवेचा स्वतःचा पत्ता चढवणं : आयपीटेबल्सच्या (पॅकेटचे नियम लावणाऱ्या साधनाच्या) नॅट टेबलमध्ये, पोस्टराउटिंग चेनवर (नियमांच्या यादीत), पीपीपी० (मोडेमचा इंटरफेस) मधून बाहेर पडणाऱ्या सगळ्याला मास्करेड. (कर्नल २.२ असेल तर त्याच कामाचं जुनं साधन, आयपीचेन्स.) दर डायलला आयपी बदलतो, त्यामुळे इथे कायम एकच ठरावीक पत्ता चढवणारं एसनॅट कामाचं नाही. हा नियम बूट होतानाच घाला. तेव्हा पीपीपी० अस्तित्वात नसला तरी चालतं. लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी असेल तर गेटवे एनेबल करून तिथला युजर-पीपीपी प्रोग्राम नॅटसकट चालवा, झालं.

बाकीच्या संगणकांवर डीफॉल्ट गेटवे म्हणून या मशीनचा लॅनवरचा पत्ता द्या. डीएनएसही (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) द्या, ते हमखास राहून जातं. आकड्यांनी पिंग जातो आणि नावानं जात नाही, तर तेच राहिलंय.

यानंतर तुम्ही डिमांड-डायल (गरज पडली की आपोआप डायल) लावणार, आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. माझा मोडेम रात्री कुणी वापरत नसताना आपोआप डायल करायचा. मी मोडेमलाच दोष देत बसलो होतो. शेवटी पीपीपी० वर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून ठेवला, तेव्हा चोर सापडला. विंडोज मशीन एकमेकांची नावं शोधत होत्या आणि तेच प्रश्न माझा डीएनएस सर्व्हर इमानेइतबारे बाहेर पाठवत होता. लॅनवरच्या सगळ्या मशीनची नावं मी त्या सर्व्हरमध्येच भरली आणि विंडोजच्या या गप्पांचे १३७ ते १३९ हे पोर्ट फॉरवर्ड चेनवर (पुढे पाठवायच्या पॅकेटच्या नियमांत) अडवले. सेंडमेल (मेल पाठवणारा प्रोग्राम) असेल तर गेटवेचं स्वतःचं नावही होस्ट्स फाइलमध्ये लिहा, नाहीतर तोही चौकशीला बाहेर पडतो. पीपीपीडीचं आयडल ३०० सेकंद ठेवलं की पाच मिनिटं शांतता असल्यावर फोन खाली ठेवला जातो. पण वरची गळती आधी बुजवा, कारण दर चार मिनिटांनी एक फुटकळ पॅकेट गेलं तरी तो टायमर पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

डिमांड-डायलमध्ये पहिलं पान बऱ्याचदा अडकतं. लाइन जुळेपर्यंत आयपी बदललेला असतो, आणि ते कनेक्शन जुन्या पत्त्यावर सुरू झालेलं असतं. पान रिफ्रेश करा, त्यासाठी सेटिंग बदलत बसू नका.