स्पॅनिशमधले ‘तू’ आणि ‘उस्तेद’ म्हणजे मराठीतले ‘तू’ आणि ‘तुम्ही’च का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : दोन वर्षे स्पॅनिश शिकून झाली आहे, नव्या नोकरीत स्पेनमधले माद्रिद, कोलंबियातले बोगोता आणि अर्जेंटिनातले ब्वेनोस आयरेस अशा तीन ठिकाणच्या सहकाऱ्यांशी बोलावे आणि लिहावे लागणार आहे, पुस्तकात ‘तू म्हणजे तू, उस्तेद म्हणजे तुम्ही’ एवढेच दिले आहे, तर ते पुरेसे आहे का, आणि पत्राची सुरुवात कशी करावी?

पुस्तकातले समीकरण परीक्षेपुरते बरोबर आहे. बाहेर पडल्यावर ते टिकत नाही. मी अकरा वर्षे स्पॅनिशमधून अनुवादाचे काम करते आणि त्यातली दीड वर्षे बोगोतात काढली आहेत. माझा अनुभव असा की मराठी माणसाला ही गोष्ट इंग्रजी माणसापेक्षा फार लवकर कळते, पण आपण आपली मराठी पट्टी जशीच्या तशी लावायला गेलो की हमखास फसतो.

आधी शब्दांविषयी. स्पॅनिश ‘तू’ आणि मराठी ‘तू’ यांचा उच्चार सारखा आहे तो योगायोगाने नव्हे. लॅटिन ‘तू’ आणि संस्कृत ‘त्वम्’ एकाच कुळातले आहेत. ‘उस्तेद’ची गोष्ट वेगळी आहे. तो ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या दरबारी संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. म्हणूनच त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येते, आणि इथेच पुष्कळ विद्यार्थी अडखळतात. वास्तविक आपल्याला ते अवघड वाटू नये. ‘साहेबांना काय हवं?’ किंवा ‘महाराजांनी आत यावं’ असे आपण समोर उभ्या असलेल्या माणसालाच म्हणतो. उस्तेद वापरताना मनात ‘तुम्ही’ न आणता हे ‘साहेबांनी बसावं’ आणले, तर क्रियापद आपोआप बरोबर पडते. (पोर्तुगीजमधला ‘व्होसे’ही ‘व्होसा मेर्से’पासून याच वाटेने आला आहे.)

अरेतुरे करण्याला स्पॅनिशमध्ये ‘तुतेआर’ असे स्वतंत्र क्रियापद आहे. आपल्याकडे ‘अरेतुरे’ला थोडा अपमानाचा वास येतो, तो ‘तुतेआर’ला येत नाही. स्पेनमध्ये एखादा माणूस ‘तुतेआमे’ म्हणाला, तर तो ‘अहोजाहो पुरे, अरे म्हण’ असे सांगत असतो, आणि त्यानंतरही उस्तेदला चिकटून राहणे हे आदराचे नव्हे तर तुसडेपणाचे लक्षण ठरते.

आता मराठी पट्टी कुठे फसते ते सांगते. आपल्याकडे कोणाला तू म्हणायचे आणि कोणाला तुम्ही, हे वय, नाते आणि घरची रीत मिळून ठरवतात. आईला तू, सासूबाईंना अहो, विठ्ठलाला तू. (स्पॅनिशमध्येही देवाला तूच म्हणतात, रोजच्या प्रार्थनेत तसेच आहे.) स्पॅनिशमध्ये मात्र हा हिशोब मुख्यतः जवळीक आणि दुरावा यांचा असतो, आणि जवळीक कोणत्या शब्दाने दाखवायची हे प्रत्येक देश आपल्या मर्जीने ठरवतो.

बोगोताच्या माझ्या पहिल्या आठवड्यातला प्रसंग आहे. मी ज्या घरी भाड्याने राहत होते, तिथल्या बाई सकाळी स्वयंपाकघरात नवऱ्याशी उस्तेद लावून बोलत होत्या. मला वाटले, रात्री यांचे काहीतरी बिनसले असावे. कारण उशिरा उठलेल्या मुलाला ‘उठलात का महाराज?’ असे विचारणारी मराठी आई आदराने बोलत नसते, हे मला पक्के ठाऊक होते. मग त्या नातवालाही उस्तेद म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने टेबलाखाली शिरलेल्या कुत्र्याला ‘उस्तेद तिथे काय करताय?’ अशा थाटात बाहेर काढले, तेव्हा माझा तर्क कोसळला. बोगोता आणि आसपासच्या डोंगराळ भागात उस्तेद हा मायेचाही शब्द आहे. नवराबायको, भावंडे आणि विशेषतः पुरुष मित्र एकमेकांना सर्रास उस्तेद म्हणतात. तिथे एका पुरुषाने दुसऱ्याला तू म्हटले तर काहींना ते जरा गुळमुळीत वाटते. कोस्ता रिकातही मित्रांना, मुलांना आणि पाळीव प्राण्यांना उस्तेद म्हणतात. आपल्याकडे ‘आज स्वारी कुठे निघाली?’ असे नवऱ्याला विचारण्यात मान आणि माया जशी मिसळलेली असते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. त्या बाई मला पुढे ‘सुमेर्से’ म्हणू लागल्या. हा ‘सु मेर्सेद’चा, म्हणजे त्याच जुन्या ‘कृपे’चा, बोयाका आणि कुंदिनामार्का या भागांत अजून जिवंत असलेला अवशेष आहे. ‘सुमेर्से, सिगा’ म्हणजे ‘या, आत या’. शब्दशः ‘सिगा’चा अर्थ ‘पुढे चालू ठेवा’ असा होतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकल्यावर मी दारातून पुढे रस्त्याने चालायला लागले होते.

तुमच्या बोगोताच्या सहकाऱ्यांशी म्हणून निर्धास्तपणे उस्तेदने सुरुवात करा. तो कधीच चुकीचा ठरत नाही, आणि कोणी तू म्हणू लागले तर त्यामागे जाता येते. तिथे कॉफी मागताना ‘मे रेगाला उन तिंतो?’ असे ऐकाल. शब्दशः ‘मला एक तिंतो भेट देता का?’ पैसे अर्थातच द्यायचे असतात, आणि तिंतो म्हणजे कोरी कॉफी. माद्रिदमध्ये हेच वाक्य म्हणालात तर आधी भेटीचा प्रश्न गोंधळ घालेल आणि मग समोर रेड वाइन येईल.

माद्रिदकडे वळले की चित्र उलटे होते. हुकूमशहा फ्रँकोच्या 1975 मधील मृत्यूनंतर जो मोकळेपणा आला, त्यात उस्तेद झपाट्याने मागे पडला. दुकानदार, सहकारी, पुष्कळदा डॉक्टर आणि प्राध्यापकही पहिल्या वाक्यापासून तू म्हणतात आणि तू ऐकण्याची अपेक्षा ठेवतात. पन्नाशीच्या बाईला उस्तेद म्हटले तर ‘मला म्हातारी करू नकोस’ असे हसून उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ. आपल्या हाडात मुरलेली ‘वयाने मोठे म्हणजे तुम्ही’ ही सवय तिथे मोडावी लागते आणि ते, खरे सांगते, आजही मला जड जाते. सत्तरीपुढच्या अनोळखी माणसांना, न्यायालयात किंवा पोलिसांशी बोलताना उस्तेद राखून ठेवावा.

स्पेनचा हा तू अटलांटिक ओलांडून गेला की किती वेगळा ऐकू येतो, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 10 नोव्हेंबर 2007 रोजी चिलीतल्या सांतियागो येथे भरलेली इबेरो-अमेरिकन शिखर परिषद. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ह्यूगो चावेस हे स्पेनचे पंतप्रधान सापातेरो यांना मधेमधे तोडत होते, तेव्हा राजे हुआन कार्लोस त्यांना सर्वांदेखत ‘पोर के नो ते काय्यास?’, म्हणजे ‘तू गप्प का बसत नाहीस?’, असे म्हणाले. बातम्यांचा मथळा गप्प बसवण्याचा झाला, पण माझ्यासारख्या भाषेच्या माणसाचे लक्ष त्या ‘ते’कडे गेले, कारण ‘ते’ हे तू चेच रूप आहे. राजा समोरच्या कोणालाही तू म्हणतो ही हुआन कार्लोस यांची ख्यातीच होती; पण एका राष्ट्राच्या निवडून आलेल्या अध्यक्षाला, तेही जुन्या वसाहतीतल्या भूमीवर, तू म्हटले गेल्यावर त्यातला वरचढपणा लॅटिन अमेरिकेतल्या कानांना झोंबणे साहजिक होते.

ब्वेनोस आयरेसमध्ये तुमचा तू पुस्तकातच राहील. तिथे तू च्या जागी ‘बोस’ येतो. लिहिताना व्ही, उच्चारताना ब. क्रियापदेही बदलतात : ‘तू एरेस’ऐवजी ‘बोस सोस’, ‘तू तिएनेस’ऐवजी ‘बोस तेनेस’, आणि शेवटच्या स्वरावर जोर. हा अडाणी बोलीचा प्रकार नव्हे. एकेकाळी बोस स्पेनमध्ये मानाचा शब्द होता. वापरून वापरून त्याचे तेज गेले, मानासाठी ‘बुएस्त्रा मेर्सेद’ आला आणि जवळिकीसाठी तू परतला. राजधानीची ही नवी रीत जहाजांबरोबर मेक्सिको आणि लिमापर्यंत पोचली, पण दूरच्या मुलखांत जुना बोसच रुजून बसला. व्याकरणकारांनी त्याला पुष्कळ झोडपले. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीत विद्यापीठ उभारणाऱ्या आंद्रेस बेयो यांनी 1847 साली खास अमेरिकेतल्या वाचकांसाठी व्याकरण लिहिले, आणि बोसच्या हकालपट्टीचा आग्रह धरणाऱ्यांत ते अग्रणी होते. चिलीत त्याचा परिणाम झालाही. अर्जेंटिनाने मात्र दाद दिली नाही आणि 1982 मध्ये तिथल्या भाषा अकादमीने बोसला सुशिक्षितांची भाषा म्हणून मान्यता दिली. तुम्ही तिथे तू वापरलात तर सगळ्यांना समजेल, पण डबिंग केलेल्या मालिकेतले पात्र बोलते आहे असे त्यांना वाटेल. बोसच्या जोडीला ‘चे’ येतो, जो आपल्या ‘अरे’ आणि ‘अगं’ या दोन्हींचे काम एकटाच करतो. क्रांतिकारक एर्नेस्तो गेव्हारा सतत ‘चे, चे’ करत असत, म्हणून ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

अनेकवचनात प्रश्न सोपा आहे. संपूर्ण लॅटिन अमेरिकेत, मित्र असोत वा मंत्री, ‘उस्तेदेस’. ‘बोसोत्रोस’ हा मित्रमंडळींसाठीचा शब्द स्पेनमध्ये चालतो, आणि तिथेही कॅनरी बेटांवर सहसा नाही.

एक सावधगिरी खास मराठी माणसांसाठी. अनोळखी माणसाला काका, मामा, मावशी म्हणण्याची आपली सवय तिकडे नेऊ नका. स्पेनमध्ये ‘तिओ’ म्हणजे काका खरा, पण हाक म्हणून तो ‘यार’ आहे. वयस्कर शेजाऱ्याला ‘तिओ’ म्हटलेत तर तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखे होईल. त्यांच्यासाठी ‘दोन’ आहे. उच्चार आपल्या आकड्यासारखाच, आणि मुंबईच्या ‘डॉन’शी त्याचा काही संबंध लावू नका. हा आडनावाला लागत नाही, पहिल्या नावाला लागतो. त्यामुळे ‘दोन आंतोनियो’चे सर्वांत जवळचे मराठी रूप म्हणजे ‘आंतोनियोराव’.

आता पत्र. पहिले पत्र ‘एस्तिमादो सेन्योर’ किंवा ‘एस्तिमादा सेन्योरा’, म्हणजे ‘माननीय महोदय’ किंवा ‘महोदया’, असे सुरू करा, पुढे आडनाव लिहा आणि नंतर स्वल्पविराम न देता अपूर्णविराम द्या. पण कोणते आडनाव? स्पेन आणि कोलंबियात सहसा दोन असतात : बहुधा आधी वडिलांचे, मग आईचे, आणि संबोधनात पहिले येते. आपल्या वर्तमानपत्रांत ‘मार्क्वेझ’ म्हणून छापले जाणारे कोलंबियाचे नोबेल विजेते कादंबरीकार वडिलांकडून गार्सिया आणि आईकडून मार्केस होते. त्यांना ‘गार्सिया मार्केस’ म्हणावे, नुसते ‘मार्केस’ नव्हे. अपवाद असा की पहिले आडनाव फारच सर्वसामान्य असले तर लोक दुसऱ्यानेच ओळखतात. वर आलेले सापातेरो हे कागदोपत्री रोद्रिगेस सापातेरो आहेत. स्पेनमध्ये लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही, तेव्हा नवऱ्याचे आडनाव तिच्यावर लादू नका. याच व्यवस्थेमुळे आपली त्रिपदी नावे तिकडे उलटीपालटी होतात : एका कार्यालयाने माझे मधले नाव पहिले आडनाव समजून घेतले, आणि दीड वर्ष तिथली सगळी पत्रे मला माझ्या वडिलांच्या नावाची ‘सेन्योरा’ म्हणून येत राहिली. पहिल्याच पत्राखाली तुम्ही सही कशी करता, यावर तुमचे तिथले नाव ठरणार आहे. म्हणून वडिलांचे नाव गाळून फक्त स्वतःचे नाव आणि आडनाव लिहा.

पत्राचा शेवट ‘उन कोर्दियाल सालुदो’ने, म्हणजे ‘सस्नेह नमस्कार’ने, करा. दोनचार पत्रांनंतर ब्वेनोस आयरेसहून आलेल्या उत्तराखाली ‘उन आब्रासो’, म्हणजे ‘एक आलिंगन’, लिहिलेले दिसले तर दचकू नका. सेन्योर आणि आडनाव दोन्ही तिथेच सोडून पुढचे पत्र ‘ओला’ आणि पहिल्या नावाने सुरू करा, आणि क्रियापदे बोसची लावा.