प्लो येऊन गेला, आता पुढचं कोणी करायचं?

अमेरिका-कॅनडातल्या वाचकांकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न बर्फाचेच आहेत, म्हणून दुसरं काही घेत नाही.

प्रश्न: सकाळी सहाला उठून अख्खा ड्राइव्हवे (घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट) साफ केला, अंघोळ करून बाहेर येतोय तर सिटीचा प्लो (रस्त्यावरचा बर्फ सारणारी महापालिकेची गाडी) येऊन तोंडाशी गुडघाभर ढीग टाकून गेलेला. टॅक्स भरतो आपण, मग हे लोक मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही करत हो. प्लोचं पातं तिरकं लावलेलं असतं, बर्फ एका बाजूला, म्हणजे कडेकडे सरकत जातो आणि पुढे जाईल तसा त्या पात्यावर साठत जातो, मग जिथे कडेला मोकळी जागा मिळेल तिथे तो ओघळतो. आणि रस्त्याच्या कडेला मोकळी जागा कुठली? नुकताच साफ केलेला तुमचा ड्राइव्हवे! ड्रायव्हरने प्रत्येक घरापाशी पातं उचलायचं ठरवलं तर एका गल्लीलाच सकाळ जाईल, आणि तोवर ॲम्ब्युलन्स मेन रोडवर अडकलेली असेल.

पण यावर एक उपाय आहे आणि तो खरंच चालतो. जिथे गाड्या उजवीकडून चालतात तिथे ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लो तुमच्या डावीकडून येणार. म्हणून तुमचा सगळा बर्फ उजव्या हाताला टाका, आणि ड्राइव्हवेच्या डावीकडे रस्त्याच्या कडेने दोन-तीन मीटरचा एक खिसा मोकळा करून ठेवा. प्लो आला की पात्यावरचा बराचसा माल त्या खिशात पडतो, तुमच्या तोंडाशी थोडाच येतो. आणि घाई नसेल तर शेवटचा मीटरभर भाग प्लो येऊन गेल्यावरच काढा. तो ढीग मात्र पडल्या पडल्या उचला, कारण त्यात रस्त्यावरचा चिखल-पाणी मिसळलेलं असतं, दोन तासांनी त्याची दगडासारखी ढेकळं होतात आणि शोव्हल, म्हणजे फावडं, वाकतं पण ढेकूळ हलत नाही.

एक मात्र करू नका, तो बर्फ परत रस्त्यावर ढकलू नका. रागाच्या भरात बरेच जण करतात. न्यूयॉर्क, शिकागो, टोरांटो, सगळीकडे हे नियमाविरुद्ध आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी पुढचा प्लो तोच बर्फ उचलून शेजारच्यांच्या दारात नेऊन टाकतो.

प्रश्न: घरासमोरचा फूटपाथ माझ्या मालकीचा नाही, सिटीचा आहे. मग तो मी का साफ करायचा?

हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो आणि मला तो पटतोही, कारण जागा सिटीची आणि फावडं तुमचं हे विचित्रच वाटतं. पण बऱ्याच शहरांनी तसंच ठरवलंय. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबला तर 4 तासांत फूटपाथ मोकळा हवा, रात्री 9 नंतर थांबला तर सकाळी 11 पर्यंत, आणि वाट निदान 4 फूट रुंद. बॉस्टनमध्ये 3 तास. कॅल्गरीत 24 तास. उलट मॉन्ट्रियलमध्ये फूटपाथसुद्धा सिटीच साफ करते, नुसता बाजूला सारत नाहीत तर ट्रकमध्ये भरून नेतात, तिथल्या फ्रँकॉनच्या जुन्या दगडखाणीत एवढा बर्फ जातो की त्याचा डोंगर उन्हाळ्यापर्यंत वितळत असतो. म्हणजे शेजारच्या शहरातल्या भावाने सांगितलं म्हणून तुमच्याकडेही तसंच असेल असं धरून चालू नका, आपल्या सिटीच्या साइटवर पाच मिनिटं घालवून बघून घ्या.

आता रुंदीचं सांगते, कारण लोक तिथेच चुकतात. एका शोव्हलच्या रुंदीची वाट काढतात आणि झालं म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मी वॉकर घेऊन चालणाऱ्या एका आजींबरोबर दोन ब्लॉक चालले. चार घरांपुढे छान साफ होतं, पाचव्या घरापुढे वीतभर घट्ट तुडवलेला बर्फ, त्यावर वॉकरची पुढची दोन चाकं चढेनात. आजींनी वॉकर उचलायचा प्रयत्न केला, मग मुकाट्याने वळल्या आणि भर रस्त्यात उतरल्या, गाड्यांच्या मधून. पुढे कोपऱ्यावर पुन्हा तेच, फूटपाथ जिथे उतरतो नेमकी ती जागा प्लोच्या ढिगाने बंद. एक घर सुटलं की बाकी चौघांनी केलेली मेहनत फुकट जाते हो. बाबागाडीवाली आई, पोस्टमन, व्हीलचेअरवाला, सगळ्यांचं तेच. म्हणून कोपऱ्यावरचं घर असेल तर तो उतार पण मोकळा करा, आणि दारासमोर फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घ्यायचा नळ) असेल तर त्याच्याभोवती मीटरभर जागा, आग लागल्यावर बंबवाल्यांनी बर्फात हायड्रंट शोधत बसायचं का?

प्रश्न: मीठ किती टाकायचं? मी तर पांढरं होईपर्यंत टाकते.

फार होतंय. कॉफीच्या मगभर मीठ साधारण सहा मीटर ड्राइव्हवेला पुरतं. दाण्यादाण्यात अंतर दिसायला हवं. आधी शोव्हल करा मग मीठ, बर्फाच्या थरावर टाकलेलं मीठ वाया जातं. आणि थर्मामीटर बघा, साधं मीठ उणे 9-10 अंशांच्या खाली जवळजवळ काम करत नाही, तेव्हा वाळू टाका म्हणजे निदान पाय घसरणार नाही, किंवा कॅल्शियम क्लोराइड, ते जास्त थंडीतही बर्फ वितळवतं. पांढऱ्याफटक फूटपाथवर बुटाखाली जे कुरकुरतं ना, ते काम न झालेलं मीठच असतं. ते झाडून डब्यात भरा, पुढच्या वेळी वापरा. नाहीतर वितळल्या पाण्याबरोबर ते गटारातून तळ्यात-नदीत जातं आणि तिथून ते काढायला सोपा मार्ग नाही. काँक्रीट खराब होतं, कुत्र्यांचे पंजे चिरतात ते वेगळंच.

प्रश्न: भाड्याने राहतो. बर्फ मी काढायचा की घरमालकाने? आणि कुणी घसरून पडलं तर?

ठिकाणावर अवलंबून आहे. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात सामायिक वाट आणि पार्किंग साफ ठेवणं घरमालकाचं काम आहे. न्यूयॉर्कमध्ये फूटपाथची जबाबदारी भाडेकरूवरही येऊ शकते. लीज, म्हणजे भाडेकरार, नीट वाचा. आणि तुम्ही स्वतः पडलात तर मुदत लक्षात ठेवा, ऑन्टारियोत सिटीच्या फूटपाथवर पडलात तर 10 दिवसांत लेखी कळवावं लागतं, खाजगी जागेवर असेल तर 60 दिवसांत. हाड मोडून घरी पडलेल्या माणसाला हे सुचत नाही, म्हणून घरच्यांनी त्याच दिवशी जागेचे फोटो काढून ठेवावेत.

प्रश्न: गाडी रस्त्यावर लावतो, टो होईल का, म्हणजे सिटी ओढून नेईल का?

होऊ शकते. ओटावात 7 सेंटिमीटर किंवा जास्त बर्फाचा अंदाज असला की रात्रीच्या पार्किंगवर बंदी येऊ शकते. शिकागोत काही मोठ्या रस्त्यांवर 1 डिसेंबर ते 1 एप्रिल पहाटे 3 ते 7 गाडी लावायचीच नाही, बर्फ पडो न पडो. सिटीचे अलर्ट फोनवर लावून घ्या.

प्रश्न: मी 68 वर्षांचा, मुलाकडे थंडीत आलोय. मुलगा-सून कामावर जातात, मला वाटतं बर्फ मीच काढून टाकावा. मुलगा नको म्हणतो.

काका, मुलगा बरोबर म्हणतोय. पाच बाय दहा मीटरच्या ड्राइव्हवेवर 10 सेंटिमीटर बर्फ पडला तर तो हलका असला तरी अडीचशे किलोच्या पुढे जातो, ओला असेल तर टनाच्याही वर. थंडीत रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात, त्यात हाताने वजन उचलायचं आणि श्वास रोखायचा, हृदयाला हा फार मोठा झटका असतो. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर शोव्हलला हातच लावू नका. ज्येष्ठांसाठी काही शहरांत सिटीकडून किंवा स्वयंसेवकांकडून मदत मिळते, चौकशी करा.

तुम्हाला काहीतरी करायचंच आहे हे कळतंय मला. मग बर्फ पडल्या पडल्या दारासमोरच्या पायऱ्या झाडून टाका, तो दोन बोटं असतानाच, उचलायचा नाही, झाडूने सारायचा. आणि भिंतीतून बाहेर येणारे हीटरचे पाइप बघून ठेवा, ते बर्फाने बुजले तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, त्याला वास नसतो, आणि मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर ते बघणारं घरात दुसरं कोणी नसतं. बाहेर जाताना टोपी घाला, फोन खिशात ठेवा.