एलायझाच्या पुढचं काम

प्रश्न : मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विषाणूंविरुद्धच्या अँटीबॉडी मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचंय. नातेवाईक म्हणतात, तिथं सगळं मशीनच करतं. सरळ डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून नोकरी धरू दे. काय करावं? – एक आई, परभणी

उत्तर : ताई, एलायझा म्हणजे रंगावरून अँटीबॉडी ओळखणारी चाचणी. तिच्यापुरतं नातेवाइकांचं बरंचसं खरं आहे. प्लेटमध्ये रंग येतो, मशीन तो मोजतं. पण अँटीबॉडी विषाणूच्या प्रथिनाला चिकटली एवढंच त्यातून कळतं. चिकटली म्हणजे तिनं विषाणूला अडवलंच, असं नाही. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर हे जवळच्या नात्यातले विषाणू. एकाच्या अँटीबॉडी दुसऱ्याच्या एलायझातही चिकटतात आणि निकाल फसवा येऊ शकतो.

तिथं न्यूट्रलायझेशन चाचणी लागते, म्हणजे अँटीबॉडी विषाणूला खरंच अडवतात का, हे पाहणारी. रक्तातलं सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग दुप्पट-दुप्पट पातळ करत न्यायचं. पातळ केलेल्या प्रत्येक सीरममध्ये ठरावीक जिवंत विषाणू मिसळून ते व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडातून घेऊन लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) थरावर घालायचं. काही दिवसांनी जांभळा रंग दिला की विषाणूनं पेशी मारल्या तिथं पांढरे ठिपके दिसतात. ते मोजायचे. सीरम जितकं पातळ केल्यावरही ठिपके सीरमशिवायच्या ठिपक्यांच्या निम्मे राहतात, तो तुमचा टायटर. जपानी मेंदूज्वरासाठी १:१० (दहापट पातळ) किंवा त्याहून जास्त टायटर संरक्षक धरतात. पण पेशी आठवडाभर निरोगी सांभाळल्या नाहीत, तर सगळंच वाया. पेशी सुट्टी घेत नाहीत. हे काम हाताचं आणि डोळ्यांचं आहे. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण लस खरंच उपयोगी पडते का, हे अशाच चाचण्यांतून तपासतात.

डीएमएलटी वाईट नाही. घरात पगाराची तातडी असेल तर जरूर करावं. पण ओढ खरी असेल तर तिला एमएस्सी करू द्या. पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणूशास्त्राची एमएस्सी आहे, पुणे विद्यापीठाशी संलग्न. प्रवेशपरीक्षा असते, जागा मोजक्या. म्हणून इतर विद्यापीठांचे सूक्ष्मजीवशास्त्राचे अर्जही भरून ठेवा. पुढं प्रकल्पांवरच्या नोकऱ्या बऱ्याचदा कंत्राटी असतात, हे मात्र आत्ताच धरून चाला.

तोवर तिला कॉलेजच्या लॅबमध्ये एक सराव करू द्या. मायक्रोपिपेटनं १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा वजनकाट्यावर सोडायचं. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या जवळ यायला हवं. आकडे वहीत लिहून मला पाठवा.